निरोप्याचे मौन

पेढीवर मुनीमजी असत, त्या काळात उधारीच्या स्मरणपत्राची एक ठरलेली रीत होती. पंधरवडा संपला की खातेवही उघडली जाई, येणे बाकीच्या पानांवरून बोट फिरे आणि ज्याची मुदत उलटली असेल त्याच्या नावे पोस्टकार्ड लिहिले जाई. मजकूर चार ओळींचाच असे. मात्र त्या चार ओळींमागे तीन निर्णय असत : कोणाला लिहावयाचे, केव्हा लिहावयाचे आणि कोणत्या शब्दांत लिहावयाचे. एखाद्या गिऱ्हाइकाच्या घरी लग्नकार्य असल्याचे ठाऊक असे. एखाद्याचा माल वाटेत भिजल्याची तक्रार अद्याप मिटलेली नसे. अशा पानावर बोट क्षणभर थांबे आणि पुढे सरके.

हेच काम आता घरातील मुले-नातवंडे संगणकावर सोपवू लागली आहेत. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी ईमेल आपोआप निघते. कोणी आठवण ठेवावी लागत नाही. ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. परंतु यंत्र बसविणारा एक असतो आणि त्याच्या पत्राखाली नाव असते संपूर्ण पेढीचे. म्हणून हे यंत्र कसे चालते, कोठे अडते आणि कोठे गप्प बसते, हे घरातील वडीलधाऱ्यांनीही समजून घेणे आवश्यक आहे.

बँकेत रुजलेला विचार

अशी स्वयंचलित ईमेल पाठविण्यासाठी आज अनेक साधने उपलब्ध आहेत. त्यांपैकी विनामूल्य आणि चांगले रुळलेले एक साधन म्हणजे नोड-रेड. त्यात आज्ञांच्या लांबलचक ओळी लिहाव्या लागत नाहीत. पडद्यावर लहान लहान चौकटी मांडावयाच्या आणि त्या रेषांनी जोडावयाच्या. प्रत्येक चौकट एक काम करते आणि आपले काम संपले की पुढील चौकटीकडे निरोप सरकविते. अशा जोडलेल्या चौकटींच्या मालिकेला 'फ्लो', म्हणजे प्रवाह, म्हणतात.

प्रवाहाच्या रूपाने संगणकाचे काम मांडण्याची ही कल्पना पन्नास वर्षांहून जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या कॅनडातील सेवेत असलेले जे. पॉल मॉरिसन यांनी १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ती विकसित केली आणि तिचा पहिला प्रत्यक्ष वापर झाला तो कॅनडातील एका बँकेच्या कामकाजात. १९९४ साली त्यांनी या विषयावर ग्रंथही प्रसिद्ध केला. बँकेतच या कल्पनेचा प्रथम उपयोग व्हावा, यात नवल नाही. जुन्या पद्धतीच्या बँकेत व्हाउचर कसे फिरे, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हा विचार चटकन समजेल. खिडकीवरील कारकून व्हाउचर घेई, लेजरवर नोंद होई, अधिकारी सही पडताळून ते पास करी आणि मग रोखपाल पैसे देई. प्रत्येक मेजाचे काम वेगळे. एका मेजावरून दुसऱ्यावर जाणारा कागद मात्र एकच. रोखपालाला लेजर कसे लिहितात हे माहीत असण्याची गरज नव्हती. पास झालेला कागद हाती आला की त्याचे काम सुरू होई.

नोड-रेडचा जन्म २०१३ सालच्या आरंभीचा. आयबीएममधील निक ओ'लिअरी आणि डेव्ह कॉनवे-जोन्स या दोघांनी आपल्या कामाला जोड म्हणून ते तयार केले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. आज त्याचा सांभाळ ओपनजेएस फाउंडेशन ही संस्था करते. कार्यालयातील साध्या संगणकावर ते चालतेच. पण हाताच्या पंजाएवढ्या रास्पबेरी पाय या लहानशा संगणकावरही ते उत्तम चालते. त्यामुळे दुकानात, गोदामात वा शीतगृहात त्याच्यासाठी वेगळी खोली लागत नाही.

व्हाउचर आणि चौकटी

रोज सकाळी आठ वाजता शिल्लक मालाचा गोषवारा ईमेलने यावा, अशी एखाद्या पेढीची इच्छा आहे असे समजू. पहिली चौकट 'इंजेक्ट'. तिच्यात वेळ लिहून ठेवली की ती रोज त्या वेळी प्रवाह सुरू करते. म्हणजे ती दुकानाची घंटा होय. दुसरी चौकट शिल्लक मालाची फाइल वाचते. तिसरी 'टेम्प्लेट', ती छापील नमुना-पत्राप्रमाणे असते, मोकळ्या जागी आकडे भरून मजकूर तयार करते. शेवटची चौकट ईमेलची. हाती आलेल्या निरोपातील 'पेलोड' हा पत्राचा मजकूर होतो, 'टॉपिक' हा विषय होतो आणि 'टू' या जागी ज्याचा पत्ता असेल त्याला पत्र जाते. ईमेलची चौकट मूळ संचात दिसत नसेल, तर ती साधनातूनच वेगळी जोडून घेता येते.

पत्र पाठविण्याचे प्रत्यक्ष काम मात्र नोड-रेड करीत नाही. ते पत्र टपाल कार्यालयाच्या खिडकीवर नेऊन देते, इतकेच. हे टपाल कार्यालय म्हणजे ईमेल सेवेचा सर्व्हर आणि त्याच्याशी बोलण्याची भाषा म्हणजे एसएमटीपी. ही भाषा १९८२ साली निश्चित झाली आणि तिचा गाभा आजही तोच आहे : पाठविणारा कोण, घेणारा कोण, मजकूर काय, हे क्रमाने सांगावयाचे आणि सर्व्हरने प्रत्येक वेळी अंकात उत्तर द्यावयाचे. २५० म्हणजे स्वीकारले. ५३५ म्हणजे ओळख पटली नाही. ५५० म्हणजे असे खातेच नाही, किंवा पत्र घेण्यास नकार.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. २५० हा अंक मिळाला म्हणजे पत्र खिडकीवर स्वीकारले गेले. ते पोहोचले असे नव्हे. पूर्वी टपाल कार्यालयातून पत्र टाकल्याचा दाखला मिळे आणि पोहोचपावतीसह रजिस्टर पत्रही पाठविता येई. पहिल्याने पत्र टाकल्याचे सिद्ध होई, दुसऱ्याने ते मिळाल्याचे. ईमेलच्या चौकटीखाली दिसणारी यशाची खूण ही पहिल्या प्रकारची आहे. पत्ता चुकीचा असेल, तर काही वेळाने परतीचे पत्र पाठविणाऱ्याच्या खात्यात येऊन पडते. ते खाते कोणी उघडतच नसेल, तर पेढी आपल्या गिऱ्हाइकाला वर्षभर पत्रे लिहीत राहील आणि त्याला एकही मिळणार नाही.

किल्ली कोणाची?

खिडकीवर ओळख पटवावी लागते. पूर्वी ईमेल खात्याचा नेहमीचा पासवर्ड चौकटीत लिहिला की काम भागत असे. गूगलने ३० मे २०२२ पासून व्यक्तिगत जीमेल खात्यांसाठी ही वाट बंद केली. आता खात्याला द्विस्तरीय पडताळणी लावावी लागते आणि त्यानंतर यंत्रासाठी सोळा अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' काढता येतो. घराची मूळ किल्ली नोकराकडे न देता एखाद्या खोलीची वेगळी किल्ली करून द्यावी, असा हा प्रकार आहे. नको वाटल्यास ती एकच किल्ली रद्द करता येते. तरीही ती खोली म्हणजे पेढीची पत्रपेटीच असल्याने ही किल्लीही जपूनच ठेवावी. शक्य तर यंत्रासाठी स्वतंत्र ईमेल खातेच उघडावे.

या व्यवस्थेत एक खाच आहे. गूगल खात्याचा मूळ पासवर्ड बदलला की त्यावर काढलेले ॲप पासवर्ड रद्द होतात. घरातील कोणी सावधगिरी म्हणून पासवर्ड बदलतो आणि ते चांगलेच करतो. परंतु गोदामाच्या कोपऱ्यातील यंत्राला त्याच क्षणापासून ५३५ असे उत्तर मिळू लागते. यंत्र प्रयत्न करते, नकार घेते आणि स्वस्थ बसते. ईमेल येणे बंद होते, इतकेच काय ते बाहेर दिसते. आणि न आलेले पत्र कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

एका शीतगृहाची रात्र

याचे गांभीर्य कळण्यासाठी एक उदाहरण कल्पून पाहू. सांगली-तासगाव भागात बेदाण्याचा मोठा व्यापार आहे आणि योग्य भाव येईपर्यंत माल शीतगृहात ठेवण्याची तेथे रीत आहे. त्या भागातील एका पेढीने आपल्या शीतगृहात तापमापक बसविला. घरातील अभियंता नातवाने तो रास्पबेरी पायला जोडला. दर मिनिटाला तापमान वाचावयाचे आणि ते ६ अंशांच्या वर गेले की ईमेल पाठवावयाचे, असा साधा प्रवाह त्याने केला. मधली 'स्विच' चौकट आकडा पाहून निरोप पुढे सोडी किंवा अडवी.

पहिल्याच चाचणीत रात्री दहा वाजता दार किंचित उघडे राहिले. तापमान ६ अंशांच्या वर गेले आणि प्रवाहाने आपले काम चोख केले : दर मिनिटाला एक ईमेल. सकाळी सहापर्यंत ४८० पत्रे जमली. व्यक्तिगत जीमेल खात्यातून दिवसाला साधारण ५०० पत्रांची मर्यादा असते. म्हणजे आणखी वीस मिनिटांनी ती संपून पेढीच्या त्याच खात्यातून निघणारी बिलेही अडकली असती. शिवाय ४८० पत्रांचा ढीग पाहून कोणीही तो न वाचताच पुसून टाकतो. सतत वाजणारी घंटा काही वेळाने ऐकू येईनाशी होते.

यावरील उपाय सोपा आहे. आकडा थेट पुढे न पाठविता आधी 'ठीक' किंवा 'जास्त' अशी स्थिती ठरवावी आणि मध्ये 'फिल्टर' ही चौकट बसवावी. स्थिती बदलली तरच ती निरोप पुढे जाऊ देते. तापमान ५.९ आणि ६.१ यांच्यामध्ये झुलत राहिले, तर स्थितीही सारखी बदलेल. म्हणून दोन मर्यादा ठेवाव्यात. ६ च्या वर गेल्यावर इशारा, आणि ५ च्या खाली आल्यावरच 'पूर्ववत' असा निरोप. नातवाने हे सर्व केले आणि त्यानंतरच्या महिन्यात एकही इशारा आला नाही. घरात सर्वांना समाधान वाटले. आजोबांना मात्र वाटले नाही.

"अरे, महिनाभर तुझे यंत्र बोललेले नाही," ते नातवाला म्हणाले. "ते सुखात आहे म्हणून गप्प आहे की झोपले आहे म्हणून, हे मला कसे कळायचे?"

"आजोबा, तापमान वाढले तर ते बोलेलच," नातू म्हणाला.

"आणि वीज गेली तर?"

नातवाला उत्तर देता आले नाही. रात्री वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला नाही, तर शीतयंत्र थांबणार आणि तापमान चढू लागणार. परंतु त्याच क्षणी रास्पबेरी पाय बंद पडणार, इंटरनेटचा राउटर बंद पडणार आणि इशारा देणारे कोणीच उरणार नाही. ज्या संकटासाठी निरोप्या नेमला, तेच संकट प्रथम निरोप्याचा गळा धरणार. वर्षभराचा माल आत, त्यात शेतकऱ्यांनी विश्वासाने ठेवलेला मालही आत. आणि बाहेर मात्र नेहमीसारखीच शांतता.

आजोबांच्या त्या प्रश्नानंतर चार सुधारणा झाल्या. पहिली, रास्पबेरी पाय आणि राउटर या दोघांना बॅटरीचा आधार दिला गेला. दुसरी, 'ट्रिगर' ही चौकट पहारेकरी म्हणून बसविली. तापमापकाकडून निरोप येत राहिले की तिची वेळ पुढे ढकलली जाते. दहा मिनिटे एकही निरोप आला नाही, तर ती स्वतःच इशारा सोडते. त्यामुळे तापमापकाची तार तुटली तरी कळते. तिसरी, ईमेलच्या चौकटीत काही चूक झाली की ती पकडण्यासाठी 'कॅच' चौकट जोडली आणि तिचा निरोप पहारेकऱ्याच्या खोलीतील लाल दिव्याकडे वळविला. ईमेल जात नाही ही बातमी ईमेलनेच पाठविण्यात अर्थ नसतो. निरोप्या आजारी पडला, तर वैद्याकडे चिठ्ठी त्याच्याच हाती देता येत नाही.

चौथी सुधारणा सर्वांत साधी आणि सर्वांत मोलाची. संकट असो वा नसो, रोज सकाळी आठ वाजता एक ओळीचे पत्र येऊ लागले : 'रात्रीचे किमान तापमान इतके, कमाल इतके, यंत्र चालू.' ते वाचण्याची जबाबदारी आजोबांनी स्वतःकडे घेतली. आठ वाजता पत्र आले नाही की सव्वाआठला शीतगृहात दूरध्वनी जातो. बँकेत हिशेब जुळला तरी रोजचा ताळा करून त्यावर सही होत असे. 'आज काही चूक नाही' ही देखील नोंदच असते आणि ती कोणीतरी जबाबदारीने करावी लागते.

येणे आणि देणे

आता पुन्हा स्मरणपत्रांकडे वळू. तापमापकाला भावना नसतात, गिऱ्हाइकाला असतात. येणे बाकीची यादी वाचून मुदत उलटलेल्या प्रत्येकाला ईमेल धाडणारा प्रवाह एका दुपारी तयार होतो. पण यादी काय सांगत नाही, याचाही विचार व्हावा. गिऱ्हाइकाने कालच पैसे भरलेले असतात आणि त्याच्या खात्यात ती रक्कम जमा दाखवावयाची राहिलेली असते. मालाच्या प्रतीवरून वाद असतो आणि वजावट तोंडी कबूल केलेली असते. किंवा ज्याच्या नावे खाते आहे तो गृहस्थ आठ दिवसांपूर्वीच वारलेला असतो आणि घरात सुतक असते. अशा घरी 'आपली थकबाकी त्वरित भरावी' असे पत्र गेले, तर तीन पिढ्यांचा संबंध एका सकाळी दुखावतो. यंत्राची चूक म्हणून क्षमा मागता येते. परंतु पत्रावर नाव यंत्राचे नसते.

म्हणून स्मरणपत्राचा प्रवाह दोन टप्प्यांत करावा. पहिल्या टप्प्यात यंत्राने केवळ यादी तयार करून ती पेढीच्या जाणत्या माणसाला पाठवावी. त्याने ती वाचावी, थांबविण्याजोगी नावे वगळावीत आणि संमती द्यावी. त्यानंतरच दुसऱ्या टप्प्यात पत्रे निघावीत. 'डिले' ही चौकट लावून ती एका दमात न सोडता दहा-दहा सेकंदांच्या अंतराने सोडावीत. प्रत्येकाला स्वतंत्र पत्र जावे. एकाच पत्रात सर्वांचे पत्ते घातले, तर कोणाकडे किती दिवसांची उधारी आहे हे साऱ्या बाजाराला कळते. पेढीचे स्वतःच्या नावाचे डोमेन असेल, तर एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या नोंदी जाणकाराकडून करून घ्याव्यात. पत्र खरोखर याच पेढीच्या नावाने निघाले आहे, याची ती खूण असते. दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रे जीमेलकडे धाडणाऱ्यांना गूगलने फेब्रुवारी २०२४ पासून या तिन्ही नोंदी सक्तीच्या केल्या आहेत. लहान पेढीची पत्रेही त्यांच्याशिवाय स्पॅममध्ये जाण्याचा संभव असतो.

आणि असा प्रवाह करावयाचाच, तर पहिला प्रवाह येण्याचा न करता देण्याचा करावा. सूक्ष्म व लघु उद्योगांना द्यावयाच्या रकमेसाठी २००६ च्या कायद्याने मुदत घातली आहे : लेखी करार नसेल तर १५ दिवस, आणि करार असला तरी अधिकात अधिक ४५ दिवस. २०२३ च्या वित्त अधिनियमाने त्याला आयकराची जोड दिली. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून, या मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट ती प्रत्यक्ष दिली त्या वर्षीच मिळते. लहान उत्पादकाकडून माल घेणाऱ्या व्यापाऱ्याने बिलाच्या तारखेला अशा पुरवठादाराची खूण करून ठेवली, तर दहाव्या आणि चाळिसाव्या दिवशी यंत्र त्यालाच आठवण करील. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे न दिल्यास जीएसटीचा घेतलेला परतावा उलटवावा लागतो. त्याचीही आठवण याच प्रवाहात बसते. ही पत्रे कोणाचे मन दुखवीत नाहीत, कारण ती स्वतःलाच लिहिलेली असतात. दुसऱ्याचे देणे वेळेवर चुकविणाऱ्या पेढीला आपले येणे मागताना आवाज चढवावा लागत नाही.

यंत्राचा गुण असा की ते विसरत नाही, थकत नाही आणि कंटाळत नाही. त्याचा दोष असा की त्याला थांबता येत नाही, आणि ते थांबलेच तर का थांबले हे सांगता येत नाही. पहिल्या दोषासाठी मधे एक माणूस हवा, जो नावावरून बोट फिरविताना क्षणभर थांबेल. दुसऱ्यासाठी शेवटी एक माणूस हवा, जो न आलेल्या पत्राचीही चौकशी करील. शीतगृहाच्या त्या घरात नातवाने प्रवाह रचला आणि आजोबांनी त्याच्या दोन्ही टोकांना माणूस बसविला. आठचे पत्र अजून रोज येते. ते वाचून झाले की आजोबा भिंतीवरील दिनदर्शिकेवर त्या दिवसापुढे पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढतात.